मेसचे खाडे आणि परक्याची स्क्रिप्ट

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलते, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ दगा देतात. तेव्हा भाषेच्या चुका पोटात घाला. संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिही" असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण नंतर वाटलं, या वर्षी माझ्या हातून जी एक मोठी चूक झाली ती नीट समजावून सांगितली तर ज्युनिअर्सना उपयोगी पडेल. शिवाय त्या चुकीपायी एका मुलीला विनाकारण बोलणी खावी लागली. तो हिशेबही चुकता करायचा आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय असा : वेब ॲप्लिकेशनच्या आत, युजरने स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट कशी चालवायची, आणि कशी चालवू नये.

प्रश्न आला कुठून?

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी मी आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारं वेब ॲप्लिकेशन केलं, पायथनमध्ये. रोजची हजेरी, खाडे, गेस्टची कुपनं आणि महिन्याअखेर प्रत्येकीचं बिल. दिसायला सोपं. अडचण एकच. आमच्याकडे मेस सेक्रेटरी दर महिन्याला बदलते, आणि सेक्रेटरी बदलली की खाड्याचा नियम बदलतो! एक म्हणते, सलग चार दिवस खाडे असतील तरच पैसे वजा. दुसरी म्हणते, दोन दिवस पुरेत, पण रविवारची फीस्ट चुकवली तर तो खाडा धरायचा नाही. तिसरीचा परीक्षेच्या महिन्याचा नियम आणखीनच वेगळा. दर वेळी मुली माझ्या रूमवर येणार, मी कोड बदलणार, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी माझं सबमिशन असणार.

मग डोक्यात आयडिया आली. स्क्रीनवर एक रिकामी चौकट द्यायची. सेक्रेटरीने आपला नियम दोन-चार ओळींत पायथनमध्येच लिहायचा आणि सर्व्हरने तो तसाच चालवायचा. एफ.ई.ला सगळ्यांनाच पायथन असल्यामुळे कुणाला अवघड नव्हतं. पायथनमध्ये यासाठी दोन तयार फंक्शन्स आहेत. 'इव्हॅल' एखादं एक्स्प्रेशन सोडवून उत्तर देतं, तर 'एक्झेक' अख्खा प्रोग्रॅम चालवतं. मी एक्झेक वापरलं. एका ओळीत काम झालं! व्हायवाला मॅडमनी कौतुकसुद्धा केलं.

दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात सेक्रेटरी होती एफ.ई.ची एक मुलगी. बिलं लावायच्या दिवशी तिने नियम लिहिला, बटण दाबलं आणि सगळं ॲप्लिकेशन ठप्प. कुणाचंच पान उघडेना. बिलं लागली नाहीत म्हणून पैसे जमले नाहीत, पैसे जमले नाहीत म्हणून मेसच्या मावशींची वाण्याकडची उधारी राहिली, आणि "हिनेच काहीतरी केलं" अशी बोंब हॉस्टेलभर झाली. रेक्टर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मलाही विचारलं. मी सांगितलं, "मॅडम, माझा प्रोग्रॅम बरोबर आहे, हिने चुकीचा कोड टाकला."

खरं काय झालं होतं? तिने एक व्हाइल लूप लिहिला होता आणि मोजणी एकने वाढवायची ओळ विसरली होती. बस्स, एवढंच. पहिल्या सेमिस्टरला ही चूक तुम्ही-आम्ही सगळ्यांनी केली आहे. लॅबमध्ये केली की आपण कंट्रोल-सी दाबतो आणि हसतो. पण तिचा लूप माझ्या सर्व्हरवर फिरत होता, आणि तिथे कंट्रोल-सी दाबायला कुणी बसलेलं नव्हतं.

चौकटीतून काय काय करता येतं

त्या रात्री बी.ई.ची एक ताई माझ्या शेजारी येऊन बसली. "तुझी चौकट बघू," म्हणाली आणि तिने तिच्यात दोन ओळी लिहिल्या. स्क्रीनवर बिलाच्या जागी माझ्या डेटाबेसचा पासवर्ड आला! माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

असं का होतं ते समजून घेऊ. युजरने टाइप केलेला मजकूर सर्व्हरवर येतो तेव्हा ती नुसती एक स्ट्रिंग असते, म्हणजे डेटा. इव्हॅल किंवा एक्झेक त्या स्ट्रिंगचे शब्द सुटे करतं, त्यांचं व्याकरण तपासून एक ट्री बनवतं, ट्रीवरून बाइटकोड तयार करतं आणि तो चालवतं. त्या क्षणापासून तो डेटा राहत नाही, तुमच्याच प्रोग्रॅमचा भाग होतो. तुमच्या प्रोग्रॅमला ज्या फाइली उघडता येतात, जो डेटाबेस दिसतो, जे नेटवर्क वापरता येतं, ते सगळं त्या परक्या ओळींनाही मिळतं. मी सेक्रेटरीला खाड्याचा नियम लिहायला चौकट दिली असं समजत होते. प्रत्यक्षात मी तिला माझी खुर्ची, माझा कीबोर्ड आणि माझे पासवर्ड दिले होते.

मी म्हटलं, सोपं आहे ताई, नियमात 'इम्पोर्ट' शब्द दिसला की नियम नाकारायचा. ताईने त्या शब्दाचे दोन तुकडे केले आणि प्रोग्रॅम चालताना ते जोडले. माझ्या चाळणीला पूर्ण शब्द कुठे दिसलाच नाही. मग मी पायथनची सगळी बिल्ट-इन फंक्शन्सच काढून टाकली. तर ताईने नुसता एक रिकामा कंस लिहिला. रिकामा कंस म्हणजे पायथनमध्ये रिकामं टपल. त्या टपलला विचारलं, तुझा क्लास कोणता? क्लासला विचारलं, तुझा मूळ क्लास कोणता? तो निघाला 'ऑब्जेक्ट', म्हणजे पायथनमधल्या सगळ्या क्लासेसचा मूळपुरुष. मग मूळपुरुषाला सांगितलं, तुझी सगळी लेकरं दाखव. आली शेकडो क्लासेसची यादी! त्यांतल्या काहींच्या मदतीने पुन्हा फाइलींपर्यंत पोहोचता येतं. नवख्या माणसाने गावात आडनाव विचारत विचारत नेमक्या घरी जाऊन पोहोचावं, तसंच हे.

बरं, लूपच बंद केले तर? ताईने तीन आकडे लिहिले : ९ चा घात ९, आणि जे उत्तर येईल तेवढा पुन्हा ९ चा घात. लूप नाही, इम्पोर्ट नाही, काही नाही. या संख्येत सुमारे ३७ कोटी अंक असतात. सर्व्हर पुन्हा गप्प.

हे सगळं आधीही घडलेलं आहे

शब्द गाळून परका कोड अडवता येईल असं वाटणारी मी पहिली नव्हे. ऑक्टोबर २००५ ची गोष्ट. मायस्पेस ही त्या काळची प्रचंड लोकप्रिय साइट. तिथे प्रत्येकाला आपलं प्रोफाइल एचटीएमएल वापरून सजवता येत असे. कुणी त्यात स्क्रिप्ट घालू नये म्हणून साइट 'जावास्क्रिप्ट' वगैरे शब्द गाळत असे. सॅमी कामकार या १९ वर्षांच्या मुलाने त्या शब्दाच्या मधोमध नवी ओळ टाकली. चाळणीला तो शब्द ओळखू आला नाही, पण काही ब्राउझर्सनी दोन्ही तुकडे जोडून कोड चालवला. जो कुणी सॅमीचं प्रोफाइल बघेल त्याच्या खात्यातून सॅमीला फ्रेंड रिक्वेस्ट जायची आणि तोच कोड त्या माणसाच्या प्रोफाइलमध्येही जाऊन बसायचा. सुमारे २० तासांत १० लाखांहून जास्त खात्यांपर्यंत तो पसरला आणि मायस्पेसला साइट काही काळ बंद ठेवावी लागली.

इथे कोड सर्व्हरवर नाही, दुसऱ्या युजरच्या ब्राउझरमध्ये चालला एवढाच फरक. चूक तीच.

तुम्ही म्हणाल, शब्द नको, पण हुशार प्रोग्रॅम लिहून आलेली स्क्रिप्ट आधीच तपासता येणार नाही का? थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा पेपर आपण फक्त पास होण्यापुरता करतो, पण उत्तर तिथेच आहे. कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की कायम फिरत राहील हे दर वेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या कामातून सिद्ध झालं. पुढे १९५३ मध्ये राइसने दाखवलं की फक्त थांबण्याबद्दलच नव्हे, तर प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलचा कुठलाही महत्त्वाचा प्रश्न घ्या, सर्वसाधारणपणे हीच गत आहे. थोडक्यात काय, तर परक्याची स्क्रिप्ट नुसती वाचून "ही चांगली, ही वाईट" असा खात्रीचा निकाल देता येत नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर मला मेसच्या स्वयंपाकघरात सापडलं. फीस्टच्या दिवशी मावशी आम्हा मुलींना स्वयंपाक करू देतात. पण कसा? एक शेगडी देतात. डाळ, तेल, साखर मोजून काढून देतात. कोठीची किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवतात. नऊ वाजले की गॅस बंद. आणि आम्ही केलेलं पानात वाढण्याआधी स्वतः चाखून बघतात. "तुम्ही आत जाऊन काय करणार?" अशी चौकशी त्या कधीच करत नाहीत, कारण तिची गरजच नसते. हाताला काय लागेल, किती वेळ, किती सामान आणि बाहेर काय जाईल, या चार गोष्टी त्यांनी ठरवलेल्या असतात. स्क्रिप्टच्या बाबतीत नेमकं हेच करायचं.

विकिपीडियाचं उदाहरण

हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी आणि आपण रोज वापरतो अशी साइट म्हणजे विकिपीडिया. तिथे कुणीही पान संपादित करू शकतो. बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, पण तिथे लोक प्रोग्रॅमही लिहितात! लेखाच्या बाजूची माहितीची चौकट, संदर्भांची मांडणी, तारखांचे हिशेब, ही कामं आधी 'साचे' वापरून व्हायची. साच्यांत जर-तरची सोय होती, पण कंसात कंस, त्यात पुन्हा कंस असे ते वाढत गेले. वाचायला कठीण आणि चालायला मंद. म्हणून २०१३ मध्ये विकिपीडियावर 'स्क्रिबन्टो' नावाच्या एक्स्टेन्शनद्वारे लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहिण्याची सोय आली. मराठी विकिपीडियावर या स्क्रिप्ट्सच्या पानांच्या नावाआधी 'विभाग' असं लिहिलेलं असतं.

लुआच का? लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक युनिव्हर्सिटीत तयार झाली. रोबेर्तो येरुझालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुइस एन्रिके दि फिगेरेदो हे तिचे तिघे कर्ते. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. ही भाषा मुळातच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसवण्यासाठी केलेली आहे. आकाराने लहान, आणि तिच्या हाताला कुठली फंक्शन्स द्यायची हे बाहेरचा प्रोग्रॅम ठरवतो.

आता मावशींचे चार नियम इथे लावून बघा.

पहिला, हाताला काय लागेल? फाइली उघडणारी लायब्ररी दिलेलीच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीतून फक्त तारीख आणि वेळ मोजण्याची फंक्शन्स ठेवली आहेत. जे दिलंच नाही ते वापरू नका असं सांगावंही लागत नाही.

दुसरा आणि तिसरा, किती वेळ आणि किती सामान? स्क्रिबन्टोच्या मूळ सेटिंगमध्ये सीपीयूची ७ सेकंदं आणि ५० एमबी मेमरी. साइट चालवणारे हे आकडे बदलू शकतात, पण मर्यादा असतेच. स्क्रिप्ट थांबेल की नाही या ट्युरिंगच्या प्रश्नाला दिलेलं हे साधं व्यवहारी उत्तर आहे. कधी थांबेल ते माहीत नाही ना? मग घड्याळ लावा आणि वेळ संपली की थांबवा.

चौथा, बाहेर काय जाईल? स्क्रिप्टने दिलेलं उत्तर विकीचा मजकूर म्हणून धरलं जातं आणि हाताने टाइप केलेल्या मजकुरासारखंच स्वच्छ करून पानावर येतं. त्यामुळे विभागातल्या स्क्रिप्टला वाचकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट घुसवता येत नाही. मायस्पेसवर नेमकं हेच दार नीट लागलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. स्क्रिप्ट चुकली तर तिच्या जागी लाल अक्षरांत एरर दिसते, बाकीचं पान मात्र नेहमीसारखं उघडतं. एकीच्या चुकीने सगळ्यांचं जेवण अडत नाही!

आपल्या हाताशी असलेली साधनं

ज्युनिअर्ससाठी थोडी प्रॅक्टिकल माहिती देते.

स्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायची असेल तर ती मुख्य प्रोग्रॅमच्या पोटात चालवू नका. वेगळी प्रोसेस करा आणि तिला वेळेची आणि मेमरीची मर्यादा घाला. लिनक्समध्ये २००५ साली 'सेककॉम्प' नावाची सोय आली. तिच्या मूळ रूपात प्रोसेसला फक्त चार सिस्टिम कॉल करता येत : वाचणे, लिहिणे, बाहेर पडणे आणि सिग्नलवरून परतणे. रिकामा पडलेला सीपीयू परक्या लोकांना भाड्याने देता यावा या कल्पनेतून ती निघाली होती, म्हणजे प्रश्न आपलाच! अख्खी छोटी व्हर्च्युअल मशीन देऊन टाकायची असेल तर ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुला केलेला 'फायरक्रॅकर' आहे. आणि 'वेबअसेंब्ली', जी डिसेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत स्टँडर्ड झाली, तिच्यात तर प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी मिळते आणि बाहेरची तीच फंक्शन्स मिळतात जी आपण हातात देऊ.

स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालवायची असेल तर आयफ्रेमचं 'सँडबॉक्स' ॲट्रिब्यूट वापरा. मात्र परकी स्क्रिप्ट आपल्याच साइटच्या पत्त्यावरून येत असेल तर स्क्रिप्ट चालवण्याची आणि 'सेम ओरिजिन'ची अशा दोन्ही परवानग्या एकत्र देऊ नका, नाहीतर आतली स्क्रिप्ट सँडबॉक्स स्वतःच काढून टाकू शकते.

नोड वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातलं 'व्हीएम' मॉड्यूल सुरक्षेसाठी नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. त्यावर सुरक्षित थर चढवणारी 'व्हीएम-टू' ही लायब्ररी खूप वापरात होती. पण तिच्यातून बाहेर पडण्याचे रस्ते पुन्हा पुन्हा सापडत गेले आणि २०२३ मध्ये कर्त्यांनी तिचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. ज्या घरात सगळ्या वस्तू आहेत त्या घराला नंतर कुलपं लावत बसणं किती कठीण आहे, हे यावरून कळतं. त्यापेक्षा रिकामी खोली घ्यावी आणि लागेल तेवढंच सामान आत न्यावं.

मी शेवटी काय केलं?

ताईने मला एकच प्रश्न विचारला, "सेक्रेटरीला खरंच अख्खं पायथन लागतं का गं?" मी जुने सगळे नियम काढून बघितले. लागत होती फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, लहान-मोठ्याची तुलना आणि एक जर-तर. बास!

मग मी एक्झेक काढून टाकलं. पायथनच्या 'एएसटी' मॉड्यूलने नियमाचा फक्त ट्री बनवून घेते, नियम चालवत नाही. त्या ट्रीची एकेक गाठ तपासते. आकडा, ठरलेली पाच-सहा नावं, ती चार गणितं, तुलना आणि जर-तर, एवढ्याच गाठींना परवानगी. यादीत नसलेली कुठलीही गाठ दिसली की नियम परत. घात नाही, लूप नाही, टिंब देऊन कुणाच्या क्लासमध्ये शिरणं नाही. मग उत्तरही मीच ट्रीवरून काढते. नियमाची लांबी २०० अक्षरांपेक्षा जास्त नको. लूपच नसल्यामुळे प्रत्येक नियम थांबणार हे आता नक्की. तरीसुद्धा तो वेगळ्या प्रोसेसमध्ये एका सेकंदाच्या मर्यादेत चालतो, कारण चुका माझ्याही कोडमध्ये असणारच.

पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, व्हेरिएबलची नावं देवनागरीतही देता येतात. त्यामुळे आमच्या चौकटीत आता 'दर', 'दिवस', 'खाडे' अशीच नावं आहेत. कॉमर्स शिकणाऱ्या माझ्या बहिणीलासुद्धा नियम वाचून कळला!

अजून एक सोय केली. नवा नियम लगेच लागू होत नाही. आधी तो मागच्या महिन्याच्या हजेरीवर चालवून कुणाचं बिल किती बदललं याची यादी दिसते. कारण स्क्रिप्ट सुरक्षित असली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. अधिक-उणे चुकलं तर पैसे मैत्रिणींचेच जातात.

राहता राहिला तो हिशेब. मी रेक्टर मॅडमकडे गेले आणि चूक माझी होती असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मला काय सांगतेस, तिला सांग." मग तिच्या रूमवर गेले. ती म्हणाली, "दीदी, मला वाटलं मीच सगळं बिघडवलं. म्हणून मी कोडिंग क्लबमध्ये नाव द्यायचं रद्द केलं." हे ऐकून मला जे वाटलं ते मराठीतही लिहिता येत नाही आणि इंग्लिशमध्येही.

म्हणून ज्युनिअर्सना कळकळीने सांगते. युजरच्या हातात चौकट दिलीत तर तिथे चुकीचं लिहिलं जाणारच. घाईत लिहिलं जाईल, झोपेत लिहिलं जाईल, कधी मुद्दामही लिहिलं जाईल. त्या चुकीने किती नुकसान होऊ शकतं हे मात्र ती लिहिणारी ठरवत नाही, आपण ठरवतो. विसरलेल्या एका ओळीमुळे अख्खी मेस बंद पडत असेल तर दोष ओळ विसरणारीचा नाही.

असो. ती मुलगी आता कोडिंग क्लबमध्ये आहे. नव्या चौकटीची पहिली टेस्टिंग तिनेच केली आणि तासाभरात एक चूक शोधून दिली. खाडे दिवसांपेक्षा जास्त टाकले की मावशींनाच उलटे पैसे द्यावे लागत होते! ती चूकही आता दुरुस्त केली आहे. या महिन्याची बिलं वेळेवर लागली, आणि रविवारच्या फीस्टला श्रीखंड आहे.